यंत्राचे कान आणि पणजीची मराठी

मागील दिवाळीच्या सुट्टीत माझा नऊ वर्षांचा नातू पंधरा दिवसांसाठी आमच्या परळच्या घरी राहावयास आला होता. येताना त्याने आवाजावर चालणारा एक खेळ सोबत आणला होता. कानांवर हेडफोन, ओठांपाशी इवलासा माइक आणि समोर पडद्यावर एक अंतराळयान. यान डावीकडे वळवावयाचे तर ‘लेफ्ट’ म्हणावयाचे, थांबवावयाचे तर ‘स्टॉप’. बोटांना काम नाही. सारा कारभार जिभेचा.

माझी आई ८४ वर्षांची आहे. तिचे बालपण सांगली जिल्ह्यातील एका खेड्यात गेले. साठ वर्षे मुंबईत राहूनही तिची बोली तिकडचीच राहिली. पणतू एकटाच बसून मोठमोठ्याने बोलतो आहे, हे पाहून ती त्याच्याजवळ गेली.

“कुणाशी बोलतोयस रं बाळा एवढं?”

“यानाशी, पणजी. ते माझं ऐकतं.”

“मग माझं ऐकंल का?”

त्याने मोठ्या हौसेने हेडफोन तिच्या कानांवर चढविला. यान एका खडकाच्या दिशेने निघाले होते. आई म्हणाली, “थांब रं.” यान पुढेच गेले. “पणजी, त्याला मराठी येत नाही. स्टॉप म्हण.” आई म्हणाली, “इस्टॉप.” यान खडकावर आदळले. तीनदा असेच झाले. शेवटी हेडफोन उतरवीत ती हसून म्हणाली, “ह्याला माझी भाषा येत न्हाई, अन् मला ह्याची. मधी दुभाषा कोन?” आम्ही सारेच हसलो आणि तो विषय तेथेच संपला असे वाटले.

दोन दिवसांनी जेवताना आईने त्याला काहीतरी विचारले. ताटातून मान वर न करता तो म्हणाला, “पणजी, नीट बोल ना! तू बोलतेस ते कळतच नाही.” जन्मापासून तिच्या मांडीवर वाढलेले हे मूल. तिचा एकही शब्द त्याला कधी अडला नव्हता. आई काही बोलली नाही, वाटीतली भाजी ढवळीत राहिली. मला मात्र त्या वाक्यात यानाचा आवाज ऐकू आला. ऐकणाऱ्याला कळले नाही तर चूक बोलणाऱ्याची, हा धडा त्या खेळाने मुलाला दोन दिवसांत शिकविला होता.

हा धडा खरा आहे काय, याचा शोध घेण्यासाठी मी गेले काही महिने या विषयावर वाचन केले. सेवानिवृत्त बँक अधिकाऱ्यास हिशेबाची दुसरी बाजू तपासल्याखेरीज चैन पडत नाही. त्या तपासणीत जे हाती लागले, ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

खेळण्यांना कान कसे फुटले

माणसाच्या शब्दाला प्रतिसाद देणारे खेळणे नवे नाही. अमेरिकेत १९२०च्या दशकात ‘रेडिओ रेक्स’ नावाचा खेळण्यातला कुत्रा विकला जात असे. त्याचे नाव पुकारले की तो आपल्या घरकुलातून टुणकन बाहेर उडी मारी. वास्तविक त्याला शब्द कळत नसे. ‘रेक्स’ या शब्दातील स्वरात सेकंदाला सुमारे ५०० कंपने असतात. त्या कंपनांनी विजेचा संपर्क तुटे आणि स्प्रिंग सुटे. तसाच स्वर असलेला दुसरा शब्द उच्चारला तरी कुत्रा बाहेर येई.

१९५२ साली बेल प्रयोगशाळेने ‘ऑड्री’ हे शून्य ते नऊ हे अंक ओळखणारे यंत्र घडविले. ज्या माणसाच्या आवाजाशी ते जुळविलेले असे, त्याचे ते उत्तम ऐके. परक्या आवाजापुढे अडखळे. १९६२ साली आयबीएम कंपनीने सिॲटल येथील जागतिक प्रदर्शनात ‘शूबॉक्स’ मांडले. आपल्या व्यापारी कुटुंबांना त्याचे विशेष कौतुक वाटावे, कारण ते तोंडी बेरीज करणारे यंत्र होते. त्याला अवघे १६ शब्द कळत. दहा अंक आणि ‘अधिक’, ‘उणे’, ‘एकूण’ अशा अर्थाच्या काही आज्ञा. या १६ शब्दांत आपल्या पेढीवरचे कोणते शब्द असणार? त्याची शिदोरी इंग्रजी होती.

व्हिडिओ गेममध्ये माइक आला तो १९८३ साली. जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या ‘फॅमिकॉम’ या संचातील दुसऱ्या नियंत्रकात लहानसा माइक बसविलेला होता. तो केवळ आवाज झाला एवढेच जाणे. शब्द ओळखणे त्याच्या आवाक्यापलीकडचे होते. शब्द खरोखर ओळखणारा आणि गाजलेला खेळ १९९८ साली जपानमध्येच आला. त्यात पिकाचू या पिवळ्या प्राण्याशी मुलांनी बोलावयाचे होते. त्या यंत्रणेची जुळणी मुद्दाम मुलांच्या उंच पट्टीच्या आवाजासाठी केलेली होती, त्यामुळे मोठ्या माणसांच्या जाड आवाजाला पिकाचू तितकीशी दाद देत नसे. अमेरिकेतील मुलांसाठी इंग्रजी ऐकणारा पिकाचू यावयास २००० साल उजाडले.

पुढे १९९९ साली माणसाच्या चेहऱ्याच्या माशाशी गप्पा मारण्याचा ‘सीमॅन’ आला. २००३ साली जपानमध्ये असा खेळ आला की, त्यातील नायिकेला संकटातून सोडविण्यासाठी खेळाडूने सर्व सूचना तोंडीच द्यावयाच्या. २००८ साली ‘एंडवॉर’ या युद्धखेळात संपूर्ण फौज तोंडी हुकमांवर हलविता येऊ लागली. २०१० साली मायक्रोसॉफ्टच्या ‘किनेक्ट’ने दिवाणखान्यात बसल्या जागेवरून यंत्राला आज्ञा देण्याची सोय केली. ही सोय मोजक्याच देशांतील मोजक्या भाषांसाठी होती. त्यांत मराठी नव्हती.

या साऱ्या इतिहासातून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्याच्यासाठी यंत्र घडविले, त्याचेच त्याने ऐकले. ऑड्रीने आपल्या ओळखीच्या आवाजाचे ऐकले, पिकाचूने मुलांचे. २०११च्या जनगणनेनुसार मराठी ही मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख लोक या देशात आहेत. तरीही खेळांच्या बाजारात त्यांचा आवाज गृहीत धरलेला नाही, याचे कारण आपल्याला कोणी समजावून सांगावयास नको. जेथे गिऱ्हाईक, तेथे दुकान. महागडे खेळ विकत घेणारे गिऱ्हाईक ज्या भाषांत होते, त्या भाषा यंत्राला आधी शिकविल्या गेल्या.

यंत्र ऐकते म्हणजे काय करते

आपण बोलतो तेव्हा हवेत लाटा उठतात. माइक त्या लाटांचे विजेच्या संकेतात रूपांतर करतो. संगणक त्या संकेताचे सेकंदाला साधारण १६,००० वेळा माप घेतो आणि त्या मापांची लहान लहान तुकड्यांत विभागणी करतो. एकेक तुकडा सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढा. प्रत्येक तुकड्यात कोणत्या पट्टीचा स्वर किती जोराचा आहे, याची नोंद होते. ही नोंद पूर्वी शिकविलेल्या हजारो आवाजांच्या नोंदींशी ताडून पाहिली जाते आणि हा ‘क’ असावा की ‘ग’, याचा अंदाज बांधला जातो. बँकेत नमुना सहीशी धनादेशावरील सही ताडून पाहावी, तसाच हा प्रकार. नमुना दप्तरात नसेल तर खरी सहीसुद्धा परत जाते.

मराठीची अडचण येथेच सुरू होते. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या नोंदींवर वाढलेल्या यंत्राला ‘ताक’ आणि ‘टाक’ यांतील फरक महत्त्वाचा वाटत नाही, कारण इंग्रजीत ‘त’ आणि ‘ट’ यांवरून शब्दाचा अर्थ बदलत नाही. ‘बार’ आणि ‘भार’ त्याला सारखेच. आपला ‘ळ’ तर त्याच्या दप्तरातच नाही. ‘चहा’मधील ‘च’ आणि ‘चार’मधील ‘च’ निराळे आहेत, हे आपल्याही लक्षात येत नाही, इतके ते आपल्या जिभेवर रुळलेले असते. यंत्राला हे सारे मुद्दाम शिकवावे लागते.

दुसरी पायरी शब्दांच्या अंदाजाची आहे. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा ताळेबंद यंत्राजवळ असतो. ध्वनी अस्पष्ट असेल तेव्हा ते अधिक प्रचलित शब्दाच्या बाजूने कौल देते. खेळाचे काम त्या मानाने सोपे. त्याला वीस-पंचवीस आज्ञांतून एक निवडावयाची असते. परंतु जी आज्ञा यादीत नाही किंवा ज्या उच्चाराचा नमुना नाही, ती कितीही स्पष्ट बोला, तो बहिराच. माझ्या आईचे ‘थांब’ यादीत नव्हते आणि ‘इस्टॉप’ नमुन्यात नव्हते. तिच्या बोलण्यात दोष कोठेच नव्हता.

मुंबईच्या दक्षिण टोकावरील काम

यंत्राला भारतीय भाषा ऐकावयास शिकविण्याचा उद्योग आपल्याच मुंबईत बराच आधी सुरू झाला, हे वाचून मला आनंद झाला. कुलाब्याच्या टोकाला समुद्रालगत टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. डॉ. होमी भाभांच्या या संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा देशी बनावटीचा संगणक कार्यान्वित झाला. त्या संगणकावर काम केलेल्या पी. व्ही. एस. राव यांनी पुढे तेथेच माणसाच्या बोलण्याच्या संगणकीय अभ्यासाचे नेतृत्व केले. १९९०च्या दशकात या गटाने हिंदी वाक्ये ओळखण्याची जी प्रणाली विकसित केली, तिच्यासाठी त्यांनी निवडलेला विषय होता रेल्वे आरक्षणाची चौकशी. आरक्षणाच्या खिडकीवर ज्यांनी तासन्तास रांगा लावल्या आहेत, त्यांना या निवडीमागचा कळवळा उमगेल.

पुढे शेतमालाचे भाव शेतकऱ्याला आपल्या भाषेत बोलून विचारता यावेत, असा एक प्रकल्प केंद्र सरकारच्या साहाय्याने सहा भारतीय भाषांसाठी हाती घेण्यात आला. त्यातील मराठीचे काम आयआयटी मुंबईने टाटा संस्थेच्या सहकार्याने केले. त्यासाठी महाराष्ट्रातील शेतकऱ्यांचे आवाज मोबाईलवरून ध्वनिमुद्रित करण्यात आले. पुस्तकी मराठी बोलणाऱ्या निवेदकाचा आवाज त्या कामी उपयोगाचा नव्हता. बाजार समितीत कांद्याचा भाव विचारणारा माणूस ज्या सुरात बोलतो, तोच सूर यंत्राला शिकवावयाचा होता.

त्यानंतर गाडी वेगाने पुढे गेली. ऑगस्ट २०१७ मध्ये गुगलने मराठी, गुजरातीसह आठ भारतीय भाषांत बोलून टंकलेखन करण्याची सोय दिली. २०१८ साली त्यांचा बोलका साहाय्यक मराठी बोलू लागला. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू झाला. त्यातील एका विभागाचे नाव ‘भाषादान’ असे आहे. तेथे कोणीही नागरिक समोर दिलेले वाक्य आपल्या भाषेत वाचून त्याचे ध्वनिमुद्रण देऊ शकतो किंवा दुसऱ्याने दिलेले ध्वनिमुद्रण बरोबर आहे की नाही, ते तपासू शकतो. मोझिला या संस्थेने २०१७ साली सुरू केलेल्या ‘कॉमन व्हॉइस’ या जागतिक संग्रहातही मराठी आहे. आयआयटी मद्रासमधील ‘एआय फॉर भारत’ हा गट राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांचे आवाज गोळा करीत आहे.

अन्नदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान यांची महती आपल्या समाजाला सांगणे नको. त्यांच्या जोडीला हे शब्दांचे दान आता आले आहे. त्याला पैसा लागत नाही. लागतो तो दहा मिनिटांचा वेळ आणि आपल्या बोलीची लाज न वाटण्याची तयारी.

ज्याला सर्वांचे ऐकू येत असे

भाषेच्या बाबतीत आपली परंपरा काय सांगते? तीर्थंकरांच्या समवसरणात दिव्यध्वनी प्रत्येक जीवाला आपापल्या भाषेत कळत असे, अशी आपली श्रद्धा आहे. भगवान महावीरांचा उपदेश विद्वानांच्या संस्कृतात न होता अर्धमागधीत, म्हणजे लोकांच्या बोलीत झाला. ऐकणाऱ्याने आधी भाषा सुधारून यावे, अशी अट तेथे नव्हती. मराठीच्या जुन्या शिलालेखांपैकी एक श्रवणबेळगोळ येथे बाहुबलींच्या चरणांशी कोरलेला आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी आणि प्राकृत या दोन्ही भाषांना अभिजात दर्जा एकाच निर्णयाने मिळाला. मराठी बोलणाऱ्या जैन कुटुंबाने आपल्या बोलीविषयी संकोच बाळगावा, असे काहीही इतिहासात नाही.

ऐकण्याच्या शक्तीचे एक उदाहरण आपल्या मुंबईतलेच आहे. श्रीमद् राजचंद्र अर्थात रायचंदभाई यांनी १८८७ साली धोबीतलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये शतावधानाचा प्रयोग करून दाखविला. तेव्हा ते विशीही न गाठलेले तरुण होते. १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतलेले गांधीजी मुंबईत त्यांना प्रथम भेटले. स्मरणशक्तीची परीक्षा पाहण्यासाठी गांधीजींनी आपल्याजवळ होता नव्हता तेवढा युरोपीय भाषांतील शब्दसाठा त्यांच्यापुढे रिता केला. रायचंदभाईंनी ते सारे शब्द त्याच क्रमाने परत म्हणून दाखविले. ही हकीकत गांधीजींनी आत्मकथेत नोंदविली आहे. रायचंदभाई हिरे-मोत्यांचे जाणकार व्यापारी होते. परक्या भाषांतील शब्द त्यांनी जसेच्या तसे ऐकून घेतले. नीट बोला, असे समोरच्याला सुनावले नाही. गांधीजींना पुढे अधिक मोलाचे वाटले ते त्यांचे चारित्र्य आणि आत्मदर्शनाची तळमळ. एवढे ऐकू येणारा माणूस तितकाच नम्रही होता, हे मला महत्त्वाचे वाटते.

आवाज हीदेखील एक ठेव आहे

आता हिशेबाची दुसरी बाजू. यंत्राला आपले ऐकू यावे, ही इच्छा रास्त आहे. परंतु ऐकणारे यंत्र आपल्या घरात बसलेले असते, हे विसरून चालणार नाही.

सत्य अणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत. त्यांत ‘रहोभ्याख्यान’ म्हणजे एकांतातील गोष्ट उघड करणे आणि ‘न्यासापहार’ म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव, ठेवणाऱ्याच्या विस्मरणाचा फायदा घेऊन दाबणे, हे दोन आहेत. नोकरीच्या काळात न्यासापहाराचा अर्थ मला पैशांपुरताच कळत होता. आता वाटते, मुलाचा आवाज हीसुद्धा ठेवच आहे. तो खेळापुरता दिलेला असतो. खेळ संपल्यावर तो कोठे जातो, हे विचारण्याचे आपल्याला स्मरत नाही.

अमेरिकेत २०२३ साली ॲमेझॉन कंपनीने मुलांची ध्वनिमुद्रणे नियमाविरुद्ध साठवून ठेवल्याच्या आरोपाचे प्रकरण २.५ कोटी डॉलर दंड भरून मिटविले. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये ‘फोर्टनाइट’ या खेळाच्या निर्मात्या एपिक गेम्स कंपनीने मुलांच्या खाजगीपणासंबंधीच्या आरोपांत २७.५ कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. त्यात एक आरोप असा होता की, मुलांची अनोळखी खेळाडूंशी थेट बोलण्याची सोय आरंभापासूनच चालू ठेवलेली होती. आपल्याकडे २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद आहे. कायदा कुलूप देतो; ते लावावयाचे काम घरच्यांचे.

व्यापारी घरांना आणखी एक धोका आहे. आपल्या वाडवडिलांनी मोती आणि जवाहिऱ्यांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविले. शेजारच्या गाळ्याला कळू नये, एवढ्यासाठी ती करपल्लवी होती. आज त्याच घरांत रात्री जेवणानंतर कोणाची उधारी किती, कोणता माल किती भावाने उचलावयाचा, हे मोकळेपणी बोलले जाते आणि त्याच खोलीत मुलाचा माइक चालू असतो. पलीकडे त्याच्याबरोबर खेळणारे कोण आहेत, हे मुलालाही ठाऊक नसते. शब्द ओळखणे आणि माणूस ओळखणे ही यंत्राची दोन निरनिराळी कामे आहेत. पण एकदा मुद्रित झालेला आवाज दोन्ही कामांना उपयोगी पडतो.

यावर उपाय साधे आहेत. खेळ सुरू करून देण्यापूर्वी त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन माइकची परवानगी तपासावी. आवाजाचा उपयोग नसलेल्या खेळाला ती देऊ नये. अनोळखी खेळाडूंशी बोलण्याची सोय बंद ठेवावी. बटण दाबून धरले तरच माइक चालू व्हावा, अशी व्यवस्था बहुतेक ठिकाणी असते; ती निवडावी. मुलाचे खाते पालकांच्या देखरेखीखाली त्याच्या खऱ्या वयाने उघडावे. साठविलेली ध्वनिमुद्रणे पुसण्याचा पर्याय असल्यास महिन्यातून एकदा त्याचा उपयोग करावा. पेढीची बोलणी माइकपासून दूर करावीत. आणि नाव, शाळा, पत्ता, ओटीपी या गोष्टी खेळताना तोंडातून जाऊ द्यावयाच्या नाहीत, हे मुलाला रागावून न सांगता समजावून सांगावे.

मोठ्यांची आणखी एक जबाबदारी आहे. खेळातील बोलाचालीत शिवीगाळ इतकी वाढली की, ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या खेळाच्या कंपनीला २०२३ साली खेळाडूंचे बोलणे ऐकून अपशब्द टिपणारी संगणकीय व्यवस्था बसवावी लागली. पाच समितींपैकी भाषासमिती आपण पाठशाळेत शिकवितो. हितकारक, मोजके आणि संशयरहित बोलावे, हे ज्या मुलाला घरात कळले, त्याच्यावर यंत्राने पहारा ठेवण्याची गरज उरणार नाही.

या तंत्राला विरोध करण्याचा माझा हेतू नाही. ज्यांचे हात चालत नाहीत, त्यांना आवाजाच्या आज्ञेने खेळता येते. ज्यांची दृष्टी मंद झाली आहे, त्यांना बोलून लिहिता येते. आपल्या पूर्वजांनीही खेळाकडे तुच्छतेने पाहिले नाही. सापशिडीचे मूळ असलेला ज्ञानचौपट आपल्या समाजात पर्युषणाच्या दिवसांत खेळला जात असे आणि त्यातून मुलांना कर्म आणि मोक्ष यांची ओळख होई. खेळ मुलाला काहीतरी शिकवितोच. काय शिकवितो, याकडे घराचे लक्ष असावे, एवढेच म्हणणे आहे.

दुभाषा

सुट्टीचे तीन दिवस उरले असताना मी नातवाला जवळ बसविले आणि मोबाईलवर मराठीत बोलून टंकलेखन करण्याची सोय उघडली. आईला म्हटले, “काहीही बोल.” ती थोडा विचार करून म्हणाली, “मी रोज सकाळी सामायिक करते.” पडद्यावर अक्षरे उमटली. नातवाने मोठ्याने वाचले, “मी रोज सकाळी सामाजिक करते.” तो क्षणभर थबकला. मग म्हणाला, “पण पणजी तर बरोबर बोलली! चूक याची आहे.”

मी त्याला कारण सांगितले. यंत्राने ‘सामाजिक’ हा शब्द हजारो वेळा ऐकला असेल. ‘सामायिक’ फार थोड्या वेळा. म्हणून ऐकू आले एक, लिहिले दुसरे. “मग त्याला सामायिक कोण शिकवणार?” त्याने विचारले. “ज्यांच्या घरी होते, ते,” मी म्हणालो. त्या दिवशी दुपारी त्याने पणजीला शेजारी बसवून ‘भाषादान’च्या पानावर मराठी वाक्ये वाचावयास लावली. चष्मा पुसून पुसून तिने बारा वाक्ये वाचली. एक वाक्य तिने आपल्या बोलीत बदलून वाचले. यावेळी ‘नीट बोल’ असे तो म्हणाला नाही. “लिहिलंय तसंच वाचायचं असतं गं इथे,” असे हळूच सांगून त्याने ते पुन्हा मुद्रित केले.

परतण्याच्या आदल्या रात्री तो पुन्हा अंतराळयान घेऊन बसला. आई त्याच्या शेजारी पडद्याकडे टक लावून होती. समोरून खडक येताना दिसताच ती ओरडली, “थांब, थांब!” नातू माइकमध्ये म्हणाला, “स्टॉप.” यान थांबले. “आता डावीकडं घे.” “लेफ्ट.” यान डावीकडे वळले. अर्धा तास पणजी हुकूम सोडीत होती, पणतू ते यंत्राला समजावून देत होता आणि यान दोघांचेही ऐकत होते.

झोपताना आई मला म्हणाली, “गावला बघ दुभाषा.”